बोटभर मोटारीचा इतिहास

पुण्यास आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत जेवणाच्या मेजाखालून एस. टी. ची एक तांबडी मोटार रोज सायंकाळीं धांवते. तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित् अधिक; रुंदी जेमतेम दोन बोटें. पुढचीं चाकें खऱ्या गाडीप्रमाणें वळतात, दिवे लागतात, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ खडूनें आंखलेल्या थांब्यावर ती हळू होत होत उभी राहते. गृहस्थ खुर्चीवर बसलेले असतात. त्यांच्या हातांत साबणाच्या वडीएवढी एक पेटी असते, आणि तिच्यावरील दोन दांड्या ते अंगठ्यांनीं हालवीत असतात. गाडीस दोरी नाहीं, तार नाहीं. त्यांचे वडील एस. टी. त चालक होते आणि त्यांनीं आयुष्याचा मोठा भाग घाटांतील वळणें घेण्यांत घालविला. मुलानें नोकरींतून निवृत्त झाल्यावर तीच गाडी सत्त्याऐंशीपट लहान करून घरांत आणिली. आणि तीही विकत घेऊन नव्हे, तर पत्रा कातरून, डाग देऊन, डोळ्यास घड्याळजीचें भिंग लावून दोन वर्षांत स्वतः घडविली.

हें प्रकरण प्रथम पाहिलें तेव्हां आम्हांस हसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे. साठी उलटलेल्या मनुष्यानें फरशीवर गाड्या फिरवाव्या ही गोष्ट आमच्या मध्यमवर्गीय समजुतींत सहज बसणारी नाहीं. परंतु त्यांनीं गाडीचें टप उचलून आंतील रचना दाखविली, आणि आमचें हसूं ओसरलें. शेंगदाण्याएवढी मोटर, नखाएवढा विजेचा घट, टपालाच्या तिकिटाहून लहान असा रेडिओचा पट, आणि एकमेकांत गुंतलेलीं, डोळ्यांना नीट न दिसणारीं दंतचक्रें. या पसाऱ्यांतील बहुतेक वस्तु खेळण्यासाठीं जन्मास आलेल्या नव्हेत. मोटर खिशांतल्या दूरध्वनीस थरथरविण्यासाठीं निघालेली. घट कानांत घालावयाच्या श्रवणयंत्राचा. आणि रेडिओचा कुलवृत्तान्त शोधीत गेल्यास तो थेट आरमारी टॉर्पेडोपर्यंत जाऊन भिडतो. जें साधन शत्रूचें जहाज बुडविण्यासाठीं कल्पिलें गेलें, तें सव्वाशें वर्षांनीं एका निवृत्त कारकुनाच्या मेजाखालीं कसें आलें, हा वृत्तान्त आम्हांस मनोरंजक वाटला. वाचकांसही वाटेल अशा आशेनें तो येथें मांडीत आहों.

इ. स. १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहांत विद्युत्-प्रदर्शन भरलें होतें. त्याच वर्षीं अमेरिका व स्पेन यांचें युद्ध जुंपलें होतें, आणि बिनतारी तारायंत्राची वार्ता लोकांच्या कानीं नुकतीच पडूं लागली होती. तेथें निकोला टेस्ला या शोधकानें पाण्याच्या एका हौदांत चारएक फूट लांबीची लोखंडी नौका सोडली. तिजवर कोणी बसलेलें नव्हतें. टेस्ला दूर उभा राहून आपल्या पेटीवरील कळ फिरवी, आणि नौका चाले, वळे, दिवे लावी. आंत माकड शिकवून बसविलें असावें असा तर्क कोणीं केला; कोणास ही मनःशक्तीची करामत वाटली. टेस्लाही मोठा नाटकी मनुष्य होता. नौकेस प्रश्न विचारा, असें तो प्रेक्षकांस सांगे. चौसष्टाचें घनमूळ काय, असें एकानें विचारतांच नौकेवरील दिवा चार वेळां लुकलुकला, अशी आख्यायिका आहे.

या नौकेच्या पोटांत काय होतें हें जरा नीट पाहण्यासारखें आहे, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. त्या काळीं व्हॉल्व्ह नव्हते. रेडिओची लहर आली हें ओळखण्याचें साधन म्हणजे धातूचा कीस भरलेली एक नळी. लहर येऊन लागतांच किसाचे कण एकमेकांस चिकटल्यासारखे होत आणि नळींतून वीज वाहूं लागे. परंतु एकदां चिकटलेले कण आपण होऊन सुटत नसत, त्यांस टिचकी मारून मोकळें करावें लागे. टेस्लानें टिचकीऐवजीं प्रत्येक संदेशामागून नळीच उलटी होईल अशी योजना केली. आतां लहर तर एकाच जातीची. मग डावीकडे वळ आणि उजवीकडे वळ या दोन आज्ञा निरनिराळ्या कशा द्यावयाच्या? त्यावर त्यानें तोड काढली ती अशी कीं, प्रत्येक लहरीसरशी आंतील एक चकती एक पाऊल पुढें सरके, आणि त्या त्या पावलास एक एक क्रिया नेमून दिलेली असे. डावें, सरळ, उजवें, सरळ, पुनः डावें. रहाटगाडग्याचे पोहरे जसे ओळीनेंच वर येतात, मधला वगळून पुढचा मागतां येत नाहीं, तसाच हा प्रकार होता. ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं त्यास या रचनेचें अमेरिकेंत पेटंट मिळालें. त्यांत त्यानें असें भाकीत केलें आहे कीं, हें साधन युद्धांत इतकें निश्चित संहारक ठरेल कीं त्याच्या धाकानेंच राष्ट्राराष्ट्रांत कायमची शांतता नांदेल. पुढील शतकाचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकांस या भाकितावर आम्हीं कांहीं सांगावें असें नाहीं. आरमारानें मात्र त्या वेळीं टेस्लास दाद दिली नाहीं.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. टेस्लाच्या नौकेपूर्वीं, १८९५ च्या सुमारास, कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरासमक्ष विद्युल्लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली होती आणि बंदुकीची दारू पेटविली होती. दूर ठेवलेल्या निर्जीव वस्तूनें अदृश्य आज्ञा पाळावी, हा चमत्कार आपल्या देशांतही त्या शतकांतच घडलेला होता. बोस यांची दृष्टि मात्र लहरींच्या शास्त्राकडे होती, यंत्र चालविण्याकडे नव्हती. म्हणून या वंशवृक्षांत त्यांस मूळपुरुष म्हणतां येत नसलें तरी भाऊबंद म्हणण्यास हरकत नाहीं.

जमिनीवर चालणाऱ्या गाडीचा मान मात्र स्पेनकडे जातो. लिओनार्दो तोरेस केवेदो हा तेथील एक विलक्षण बुद्धिमान् अभियंता. नायगाऱ्याच्या भोवऱ्यावरून १९१६ पासून जो तारेवरचा पाळणा चालूं झाला तो याच्याच कल्पनेचा. बुद्धिबळाच्या पटावर राजा-हत्तीचा शेवट स्वतः खेळणारें यंत्रही त्यानेंच केलें. त्यास विमाननौकांची चांचणी घ्यावयाची होती, पण त्यांत माणसांचे जीव धोक्यांत घालावयाचे नव्हते. म्हणून दुरून हांकण्याचें यंत्र त्यानें योजिलें, त्यास 'तेलेकीनो' असें नांव दिलें, आणि १९०३ सालीं तें पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें मांडलें. पुढच्या वर्षीं त्यानें तें एका तीनचाकी गाडीवर बसवून वीसतीस मीटरांवरून चालवून पाहिलें. १९०६ मध्यें बिल्बाओच्या बंदरांत राजा तेरावा आल्फोन्सो याच्यासमक्ष नावही चालवून दाखविली. पुढें पैशाचें पाठबळ न मिळाल्यामुळें त्याला तें काम सोडून द्यावें लागलें. एकाच साधनाकडे पाहून टेस्लास संहार सुचला व केवेदोस जीवरक्षण सुचलें, यावरून कोणाची योग्यता ठरवूं नये. दोघांसही पैसा हवा होता, आणि पैसा कोणत्या कारणासाठीं लवकर मिळतो हें टेस्लास अधिक कळलें होतें, इतकेंच. तरी आमचें मत विचारल्यास त्या तीनचाकी गाडीचा वंशज म्हणवून घेणें आमच्या पुण्याच्या स्नेह्यांस अधिक आवडेल.

यानंतरचीं तीस वर्षें या कथेच्या दृष्टीनें कोरडीं आहेत. जीं रेडिओ-यंत्रें झालीं तीं लष्करी होतीं, आणि खोलीएवढ्या घरांत मावणारीं नव्हतीं. हौशी मनुष्याच्या हातीं हें साधन आलें तें व्हॉल्व्ह लहान झाल्यावर. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत कॅलामझू या गांवीं वॉल्टर व विल्यम गुड असे जुळे भाऊ होते. एकास विमानांचा नाद, दुसऱ्यास रेडिओचा. दोघांनीं मिळून सुमारें आठ फूट पंखांचें एक नमुन्याचें विमान केलें, त्यास 'गफ' असें गमतीचें नांव दिलें, आणि १९३७ सालीं तें रेडिओनें उडविलें. आज तें वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या विमानसंग्रहालयाच्या मालकीचें आहे. एवढें मोठें विमान कां, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर विमानांत नसून ओझ्यांत आहे. व्हॉल्व्हची तार तापविण्यास एक बॅटरी लागे, त्याच्या पत्र्यास चाळीसपन्नास व्होल्टांची दुसरी लागे, आणि सुकाणूची कळ ओढण्यास आणखी एक. एवढें सामान उचलण्यास आठ फुटांचे पंख नसते तर चाललें नसतें.

हौशी लोकांचें पुढील युद्धाशीं असलेलें नातेंही कांहींसें विनोदीच आहे. रेजिनल्ड डेनी नांवाचा इंग्रज नट हॉलीवुडच्या चित्रपटांत कामें करी आणि नमुन्याच्या विमानांचें दुकानही चालवी. त्याच्या दुकानदारींतून तोफखान्याच्या सरावासाठीं रेडिओनें उडणारीं लक्ष्य-विमानें निघालीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें तीं हजारोंनीं घेतलीं. त्याच कारखान्यांत नॉर्मा जीन नांवाची एक तरुण मुलगी काम करीत होती. सैन्याच्या एका छायाचित्रकारानें तिचें छायाचित्र घेतलें आणि पुढें ती मेरिलिन मन्रो या नांवानें जगास माहीत झाली. एरव्हीं युद्धाचें साधन पुढें खेळण्यांत येतें. येथें खेळणेंच युद्धावर गेलें, आणि जातां जातां एक नटी देऊन गेलें.

युद्ध संपल्यावर हौशी मंडळी पुनः आपल्या उद्योगास लागली. त्या काळच्या रचनेंत आमच्या दृष्टीनें सर्वांत मौजेची वस्तु म्हणजे घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणें एकेक दांता सोडणारी एक कळ. पिळलेल्या रबराच्या फितीनें ती फिरूं पाही; रेडिओचा संदेश आला कीं एक पाऊल सुटे. एक पाऊल म्हणजे उजवें, पुढचें म्हणजे सरळ, त्यापुढचें डावें. म्हणजे टेस्लाची चकतीच पुनः आली. चालकानें आपण कोणत्या पावलावर आहों हें मनांत मोजीत राहावयाचें. मोजणी चुकली कीं विमान भलत्याच बाजूस वळून झाडांत जाई. पुढें निरनिराळ्या स्वरांनीं थरथरणाऱ्या बारीक पोलादी पात्या आल्या. प्रत्येक पातीस आपला स्वर ऐकूं आला कीं तिची आज्ञा पाळली जाई. त्यामुळें मोजणी सुटली. परंतु वळणें तें पूर्णच वळणें, अर्धें नाहीं, पाव नाहीं.

ही उणीव १९६० नंतरच्या दशकांत दूर झाली, आणि ती दूर होण्यांतच या छंदाचें खरें तारुण्य आहे. डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला होता. त्यानें व्हॉल्व्हचें ओझें काढून टाकलें. मग अशी युक्ति निघाली कीं पेटींतून दर सेकंदास पन्नासएक विद्युत्-ठोके जावे, आणि ठोका किती लांब आहे यावरून चाकानें किती वळावें हें ठरावें. ठोका एक सहस्रांश सेकंदाचा असेल तर चाक पुरतें एका बाजूस, दोन सहस्रांशांचा असेल तर पुरतें दुसऱ्या बाजूस, दीड असेल तर सरळ. अंगठा जितका हालेल तितकेंच चाक हालेल. आज्ञा देणें संपलें आणि हांकणें सुरू झालें, असें म्हटल्यास चालेल. जनावरास शब्दानें चालविणें आणि लगामानें चालविणें यांत जो भेद आहे, तोच येथें आहे.

मोटारगाड्यांचा जमाना याच वेळीं उघडला. इटलींत रेज्जो एमिलिया येथील एल्-जी या कारखान्यानें १९६६ मध्यें फेरारीची बारा पटींनीं लहान केलेली विजेची गाडी विक्रीस काढली. परंतु या वस्तूस घरोघर नेलें तें जपानच्या शिझुओका गांवच्या तामिया कंपनीनें. मूळचा यांचा धंदा लांकडाचा. त्यावरून लांकडी नमुने, त्यावरून प्लास्टिकचे. पोर्शे गाडीचा नमुना हुबेहूब व्हावा म्हणून यांनीं खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी करून पाहिली, ही गोष्ट त्या धंद्यांत प्रसिद्ध आहे. १९७६ मध्यें यांची रेडिओवरची पोर्शे ९३४ निघाली, आणि ती तयार गाडी नसून सुट्या भागांची पेटी होती हें विशेष. गिऱ्हाइकानें ती स्वतः जोडावयाची. आपण जोडलेली गाडी मोडली तर आपणच दुरुस्त करूं शकतों, या एका गोष्टीवर त्या कंपनीचें सारें यश उभें आहे, असें आमचें मत आहे.

पण ही गाडी हातभर लांब. तिला अंगण पाहिजे, निदान शाळेचें मैदान. जपानच्या शहरांतील घरें आमच्या मुंबईच्या घरांसारखींच आखूड. त्यामुळें गाडी लहान करण्याची निकड तेथेंच भासली यांत नवल नाहीं. १९९९ सालीं क्योशो कंपनीनें 'मिनी-झी' ही अठ्ठावीस पटींनीं लहान गाडी काढली. पेन्सिलीएवढ्या जाड चार घटांवर ती चाले, दिवाणखान्यांतील सतरंजी हीच तिची शर्यतीची वाट, आणि एवढी लहान असूनही तिचीं चाकें अंगठ्याच्या मापानें वळत. तिच्याभोंवतीं शर्यतींचा एक संसारच उभा राहिला. मंडळी तिच्यांत बारीक छर्‍यांच्या बेअरिंगा घालतात, स्प्रिंगा बदलतात, टायरचा मऊपणा तोलून पाहतात, आणि सेकंदाच्या दहाव्या भागासाठीं रात्र रात्र जागतात.

याहून लहान गाडी २००१ मध्यें जपानच्याच टोमी कंपनीनें आणिली. 'बिट चार-जी' असें तिचें नांव. लांबी पांचसहा सेंटिमीटर. हातांतील पेटीवरच गाडी बसवून तिच्या घटांत मिनिटभर वीज भरावयाची, आणि मग कांहीं मिनिटें ती फरशीवर उंदरासारखी धांवे. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंत 'झिपझॅप्स' या नांवानें तशाच गाड्या निघाल्या, आणि नकलांचा तर महापूर लोटला. या गाडीची खोली तपासतां इतिहासाच्या अभ्यासकास एक गंमत दिसते. इतक्या लहान जागेंत अंगठ्याच्या मापानें वळणारी यंत्ररचना मावेना. म्हणून तींत एक लोहचुंबक व एक तारेचें वेटोळें ठेवून काम भागविलें. परिणाम असा कीं चाक पुरतें डावें, पुरतें उजवें, नाहींतर सरळ. मध्यें कांहीं नाहीं. वस्तु लहान झाली आणि हांकण्याची कला एकदम चाळीस वर्षें मागें गेली. प्रगति ही सरळ रस्त्यानें चालते असें मानणाऱ्यांनीं ही गाडी एकदां हातीं घेऊन पाहावी.

बाजारांतील ही लाट फार काळ टिकली नाहीं. अशा लाटा टिकत नसतात. घट मेला कीं गाडी मेली, आणि ती उघडण्याची सोय बहुतेक नकलांत ठेवलेली नसे. आमच्या घरींही अशी एक गाडी दिवाळींत आली आणि तुळशीच्या लग्नापूर्वींच केरांत गेली. मात्र ज्यांच्या हातांना स्वस्थ बसवत नाहीं अशा कांहीं मंडळींनीं या टाकाऊ गाड्या फोडल्या, त्यांतील रेडिओ काढला, आणि जर्मनींत आगगाडीच्या नमुन्यांबरोबर मिळणाऱ्या सत्त्याऐंशीपट लहान मालमोटारींत तो बसविला. जर्मनींत हें माप फार जुनें. त्यांत घरें, झाडें, माणसें, फलाट सर्व मिळतें. मोटारी मात्र तोंवर तेथें मुक्यानेंच उभ्या असत, किंवा रस्त्यांत पुरलेल्या तारेमागें चुंबकाच्या ओढीनें ठरल्या वाटेनें फिरत. या मंडळींनीं त्यांस मोकळें सोडलें.

हें काम किती सूक्ष्म असतें याची कल्पना थोड्या गणितानें येईल. खरी मोटार साडेचार मीटर लांब असेल तर या मापांत ती पांच सेंटिमीटरांहून किंचित् अधिक. चाक सात मिलिमीटर. आणि त्या चाकाच्या मागें ज्या खुंटीवर तें वळावयाचें ती खुंटी म्हणजे शिवणाची सुई. लांबी सत्त्याऐंशीपट घटली तर वजन सत्त्याऐंशीचा घन, म्हणजे साडेसहा लक्षांहून अधिक पट घटतें. दीड हजार किलोंची मोटार हिशेबानें सव्वादोन ग्रॅमांची व्हावी. तेवढ्यांत कोणाचेंच यंत्र मावत नाहीं, म्हणून सर्व नमुने हिशेबाहून जड असतात. तरीही तीं इतकीं हलकीं असतात कीं मेजावरून पडलीं तरी मोडत नाहींत. मुंगी माडावरून पडली तरी चालूं लागते त्यांतलाच प्रकार. परंतु या हलकेपणाचा एक शाप आहे. खऱ्या गाडीस जी जडता असते, निघतांना जो आळस असतो आणि थांबतांना जी ओढ असते, ती येथें नाहीं. दांडी हालवली कीं गाडी टुणकन् उडते आणि सोडली कीं जागच्या जागीं थिजते. शिवाय फरशीवर ती सेकंदास एक मीटर गेली तरी मापाच्या हिशेबानें तो वेग तासास तीनशें किलोमीटरांवर जातो. मालमोटार ताशीं पन्नास किलोमीटरांनीं चालल्यासारखी दिसावयाची असेल तर तिनें सेकंदास सोळा सेंटिमीटरच जावें. गाडी जलद पळविण्यास पैसा पुरतो. ती हळू चालविण्यास दंतचक्रांचा संसार लागतो. पुष्कळ मंडळी आतां विजेच्याच करामतीनें गाडीस खोटी जडता देतात. आमच्या स्नेह्यांनीं मात्र ती घालण्यास साफ नकार दिला.

आतां टॉर्पेडोचें जें ऋण वर सांगितलें तें फेडूं. पूर्वीं शर्यतींत एक मोठी अडचण असे. दोन गाड्या एकाच लहरीवर आल्या कीं एकाची पेटी दुसऱ्याची गाडी हांकी. म्हणून मैदानावर एक फळी असे, तिला प्रत्येक लहरीचा एकेक चिमटा लावलेला. चिमटा ज्याच्या हातीं त्यानेंच त्या लहरीवर पेटी उघडावयाची. हा चिमटा गेला तो लहरी पसरण्याच्या नव्या पद्धतीनें. हेडी लामार ही ऑस्ट्रियांतून आलेली हॉलीवुडची नटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांस ऑगस्ट १९४२ मध्यें एका रचनेचें पेटंट मिळालें होतें. टॉर्पेडोस जाणारा रेडिओ-संदेश शत्रूनें अडवूं नये म्हणून तो एका लहरीवरून दुसरीवर सारखा उड्या मारीत जावा, आणि दोन्ही टोकांस त्या उड्या बरोबर जुळाव्या म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोंत असतात तशा भोंके पाडलेल्या कागदी पट्ट्या वापराव्या, अशी ती कल्पना. पियानोस स्वर अठ्ठ्याऐंशी, म्हणून लहरीही अठ्ठ्याऐंशी. आरमारानें ती त्या युद्धांत वापरली नाहीं. आजची सर्व बिनतारी यंत्रें या नटीनेंच शोधलीं असें जें सांगण्यांत येतें त्यांत अतिशयोक्ति आहे. लहरी पसरण्याचे मार्ग अनेकांनीं स्वतंत्रपणें काढले. परंतु तत्त्व तेंच. १९८५ सालीं अमेरिकन सरकारनें अशा पसरलेल्या लहरींस कांहीं पट्टे मोकळे केले, आणि चालूं शतकाच्या पहिल्या दशकांत खेळांच्या पेट्याही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर गेल्या. आतां वीस जण एका खोलींत बसले तरी प्रत्येकाची गाडी आपल्याच धन्यास ओळखते.

आपल्या देशांत हा छंद उशिरां आला, त्याचें कारण केवळ गरिबी नव्हे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यानें परवान्यावांचून असलें यंत्र जवळ बाळगणेंसुद्धां गुन्हा ठरविला होता, आणि स्वातंत्र्यानंतरही तो कायदा दीर्घकाळ चालूं राहिला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यांतून मोकळीक मिळाली ती जानेवारी २००५ मध्यें. आमचे स्नेही शाळेंत असतांना त्यांनीं एका वाचनालयांत परदेशी मासिकांतून या गाड्यांचीं चित्रें पाहिलीं होतीं, आणि बाळबोध अक्षरांत एका सरकारी कचेरीस परवान्याविषयीं पत्र लिहिलें होतें. उत्तर आलें नाहीं. वडिलांस कळलें तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "अरे, खरी गाडी चालवतां चालवतां माझे खांदे आले, तुला खोटी कशाला हवी?" मुलानें विषय पुनः काढला नाहीं. पन्नास वर्षांनीं पासोड्या विठोबाच्या परिसरांतील विजेच्या सामानाच्या दुकानांतून हिंडतांना त्यांस मोटर मिळाली, रेडिओचा पट कोणाकडून मागविला, आणि वडिलांच्या गाडीचीं मापें त्यांच्याजवळ डोक्यांत होतींच.

लांब पल्ल्याच्या गोष्टी बोलतां बोलतां संध्याकाळ झाली, आणि गाडी न्हाणीघराच्या दारापाशीं अडली. गृहस्थ गुडघ्यांवर हात देत उठले, फरशीवर बसले, आणि भिंग लावून पाहूं लागले. मागच्या आंसास एक लांब केंस गुंडाळला गेला होता, नातीचा असावा. पांच मिनिटें लागलीं, पण त्यांनीं तो चिमट्यानें न तोडतां उलगडून काढला. मग गाडी रस्त्यावर ठेवून पेटी आमच्या हातीं दिली. आम्हीं दांडी पुढें ढकलली मात्र, गाडी उसळून मेजाच्या पायावर आदळली.

"क्लच हळू सोडा," ते म्हणाले, "आंत माणसें बसलीं आहेत."